मॉलच्या दारातला वर्ग

“काकू, गोड हसायचं आणि हळूच विचारायचं, ‘सर, दोन मिनिटं मिळतील का?’” मितालीने पाचव्यांदा समजावलं.

चौतीस वर्षं मराठी शाळा गाजवलेल्या टिपणीसबाईंना काकू म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. पण घरी बसून जीव उबगला, म्हणून त्या एका मोठ्या संस्थेत बिनपगारी शिकाऊ झाल्या होत्या. काम एवढंच: मॉलच्या दारात उभं राहून खेड्यांतल्या वाचनालयांसाठी देणगीदार मिळवायचे. तेवीस वर्षांची मिताली त्यांची वरिष्ठ.

चार दिवस बाई गोड हसल्या. माणसं मोबाइलमध्ये डोकं खुपसून निघून गेली. आज एकही फॉर्म भरला गेला नाही, तर उद्यापासून ऑफिसात पाकिटं चिकटवायची होती.

संध्याकाळी एक सुटाबुटातला गृहस्थ, पुढे केलेलं पत्रक हाताने बाजूला सारून चालू लागला. बाईंचं डोकंच फिरलं.

“ए, थांब तिथेच! मोठं माणूस बोलतंय आणि तू खुशाल निघालास?”

गृहस्थ जागच्या जागी थिजला. मोबाइल खिशात गेला, हात पाठीमागे बांधले गेले. मागून येणारे तिघेही मुकाट थांबले. त्यातला एकही बाईंचा विद्यार्थी नव्हता.

आता संस्थेची अब्रू गेली, म्हणत मिताली धावत आली, तेव्हा टेबलापुढे चौघांची रांग लागली होती, एका हाताचं अंतर सोडून.

गृहस्थाने फॉर्म घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि अदबीने विचारलं,

“बाई, समास सोडू?”