गोड मोचीचं सार

नववर्षाच्या सकाळी तोमिएनं आंबवलेल्या सोयाबीनच्या पांढऱ्या मिसोच्या सारात गोड पुरण भरलेली मोची सोडली. पक्षाघातानंतर नवऱ्याला पातळ पेजेशिवाय काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तांदळाचा हा चिकट गोळा तर मुळीच नाही. "अहो, बारीक तुकडे करून देते." "अख्खी दे. कागावात नांदायला आलीस तेव्हा नाक मुरडलं होतंस, सारात गोड कशाला म्हणून." "अजूनही मुरडते." आजारपणात पहिल्यांदाच तो हसला. तिनं अख्खी मोची वाढली. पहिला घास त्यानं डोळे मिटून चवीनं गिळला. दुसरा अडकला. तिनं पाठीत बुक्क्या मारल्या, घशात बोटं घातली. मुलानं बोलावलेली अँब्युलन्स आली तेव्हा श्वास थांबला होता. पोलिसानं विचारलं, "मोची कुणी दिली?" मुलगा घाईनं म्हणाला, "आई बाहेर होती. बाबांनीच घेतली असणार." तोमिए म्हणाली, "नाही. त्यांनी मागितली, मी वाढली."