नम्र विनंती

नगरनियोजनात अखेरचा शब्द नागरिकाचा असतो. म्हणून महापालिकेने प्रत्येकाच्या जुन्या अर्जांवरून त्याचा प्रतिनिधी संगणकात तयार केला होता. सुनावणीला तोच हजर राहायचा.

इंदुमती भोपी मात्र स्वतः आल्या. नव्या रस्त्यात त्यांचं घर जात होतं.

"काकू, तुमची सुनावणी झाली," कारकून म्हणाला. "तुमचा प्रतिनिधी कडाडून भांडला. शेवटी संमती दिली."

"संमती? मी कधी दिली रे?"

"तुमच्या प्रत्येक अर्जाखाली आहे की! 'आपण योग्य तो निर्णय घ्यावा, ही नम्र विनंती.' साहेबांनी घेतला."

"अरे, ते लिहायचंच असतं!"

"मग हरकत नोंदवा. मुदत सहापर्यंत आहे."

इंदुमतींनी कागद मागितला. त्या घरून निघाल्यावर तासाभरातच ते पाडून झालं होतं.