शेवटची खुर्ची

सुनेने सासूबाईंना ट्रेनिंगच्या खोलीतल्या अगदी मागच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि ती दाराजवळच्या स्विचबोर्डापाशी येऊन उभी राहिली. सासूबाईंनी पर्स मांडीवर घेतली. नाटकाचा पडदा वर जायची वाट पाहावी तशा त्या समोर पाहू लागल्या.

“या कोण?” कंपनीच्या साहेबांनी विचारलं.

“माझ्या सासूबाई. ऐकायला कमी येतं त्यांना.”

“मग इथे कशाला त्रास दिलात?”

“माझ्याकडे मीटर आहे, साहेब. पण तो बाकावर किती उजेड पडतो तेवढंच सांगतो. बाकीचं या सांगतात.”

साहेबांनी कॉन्ट्रॅक्टरकडे पाहिलं. कॉन्ट्रॅक्टरने छताकडे पाहिलं. छत अजून उघडं होतं, वायरी लोंबत होत्या. उद्या ते बंद व्हायचं होतं आणि एकदा बंद झालं की झालं. लिफ्टशेजारी चौकोनी पॅनेलची खोकी छातीपर्यंत रचलेली होती. आणलीच आहेत तर लागणारच, असं कॉन्ट्रॅक्टर मनाशी धरून बसला होता. या एका खोलीत त्याची पॅनेल आणि सुनेचे दिवे, दोन्ही दाखवण्यापुरते जोडले होते. साहेब ज्याला हो म्हणतील ते इथे आणि वरच्या मजल्यावरच्या सगळ्या मीटिंगच्या खोल्यांत लागणार होतं. पॅनेलला हो म्हणाले, तर सुनेने जीव ओतून काढलेले नकाशे गुंडाळून घरी न्यायचे होते.

“आधी यांची लावते,” सून म्हणाली.

खोली लखलखली.

“वा,” साहेब म्हणाले. “सुई पडली तरी सापडेल.”

“सुई शोधायला इथे कोणी येणार नाही, साहेब. जरा फळ्यासमोर उभे राहा आणि काहीतरी बोला. हळू, शेजारच्याशी बोलतो तसं.”

साहेब उभे राहिले. पॅनेल बरोबर त्यांच्या टाळूवर आलं. टक्कल झकास चमकलं. डोळे मात्र खोबणीत गेले आणि भरघोस मिशीखाली काळोख झाला.

“नमस्कार. सर्वांचं स्वागत आहे,” साहेब हळू आवाजात म्हणाले.

“मिशी दिसते,” सासूबाई मागून म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीच गरजेपेक्षा एक पट्टी वर असायचा. “पुढचं काही कळलं नाही.”

“अहो, ऐकूच येत नाही त्यांना,” साहेब सुनेला म्हणाले. “दिवे बदलून काय होणार?”

सून स्विचबोर्डाकडे वळली. घरी जेवताना सगळे हसले की सासूबाईही हसायच्या, पण क्षणभर उशिरा. तो उशीर तिला फार लागायचा. एका रविवारी तिने जेवणाच्या टेबलावरचा दिवा हलवला आणि त्या संध्याकाळी सासूबाई सगळ्यांच्या आधी हसल्या. तेव्हापासून काम कुठलंही असो, शेवटची खुर्ची त्यांची.

तिने पॅनेल बंद केली आणि आपले दिवे लावले.

खोली आधीपेक्षा अंधारी वाटली, हे तिलाही मान्य होतं. पण उजेड आता समोरून, तिरका येत होता. साहेबांच्या टाळूवरून उतरून तो त्यांच्या तोंडावर आला होता. साहेबांना अर्थातच तो दिसला नाही. स्वतःचं तोंड कोणाला दिसतं?

“हं,” ते म्हणाले. वर पाहिलं, भिंतींकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेत बसलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडे किंचित वाकले आणि अगदी पुटपुटल्यासारखं बोलले. दारापर्यंत त्यातलं अक्षरही पोचलं नाही. कॉन्ट्रॅक्टर खूश होऊन उठायच्या बेतात होता.

“चहा घेईन की,” मागून खणखणीत आवाज आला. “बिनसाखरेचा. पण वाटेला नका लावू आम्हाला. आणि ती पॅनेल तर अजिबात लावू नका सगळीकडे.”

कॉन्ट्रॅक्टर होता तसा खाली बसला. साहेबांचा हात आपोआप तोंडावर गेला. आपलंच वाक्य आपल्याला कोणीतरी परत दिल्यावर माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं होतं. मग हाताआडूनच म्हणाले, “म्हणजे या खोलीत खासगी काही बोलायची सोय नाही.”

“ही शिकवायची खोली आहे, साहेब,” सून दारातून म्हणाली. “खासगी बोलायला तुमची केबिन आहे. तिथला दिवा मी बदललेला नाही.”

आधी कॉन्ट्रॅक्टर हसला. मग, नाइलाजाने, मिशीही हलली.

“काय म्हणाली ती?” सासूबाईंनी मान पुढे काढली. “दारात अंधार आहे. मला तिचं काही दिसत नाही.”

साहेबांनी मागच्या खुर्चीकडे पाहिलं. मग दाराकडे. तोंडावरचा हात खाली घेतला आणि फळ्यासमोरून ते बाजूला झाले.

“मॅडम, इकडे उजेडात या,” ते म्हणाले. “वरच्या खोल्यांत काय काय लावायचं ते इथे उभं राहून सांगा. त्यांनाही कळू दे.”

सून पुढे आली. साहेब कॉन्ट्रॅक्टरशेजारच्या खुर्चीशी गेले, पण बसायच्या आधी मागे वळले. दिवा त्यांच्या तोंडावर येईल असे उभे राहिले आणि आवाज न करता, फक्त ओठ हलवून, काहीतरी म्हणाले.

“हो,” सासूबाई म्हणाल्या. “अजिबात साखर नको.”