शारोनचं पाकीट

पाळकसाहेबांच्या हातात पाचवं पाकीट आलं आणि सुमंत उमापनं त्यावरचं अक्षर ओळखलं. ओळ सोडून उतारावर निघालेलं असं अक्षर सबंध मंडळीत एकाच व्यक्तीचं होतं, आणि ती व्यक्ती त्याच्या शेजारी बाकावर पाय हलवत बसली होती.

नाशिकच्या त्या जुन्या चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या रविवारचा रिवाजच तसा. देवाचे आभार कशासाठी, ते चिठ्ठीत लिहून अर्पणासोबत पाकिटात घालायचं. पाळकसाहेब मोठ्यानं वाचणार, मंडळी ‘आमेन’ म्हणणार. आतापर्यंत एक नातू झाला होता, एक मोतीबिंदू निघाला होता आणि दिंडोरीच्या एका द्राक्षबागेवरची गारपीट टळली होती.

“काय लिहिलंयस?” सुमंतनं लेकीला हळूच विचारलं.

“ते देवाला सांगितलंय,” शारोन म्हणाली.

सांगण्यासारखं या आठवड्यात एकच घडलं होतं आणि ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. गुरुवारी भाजीबाजारात त्याचा मोबाइल सापडेना. समोर सिंधुबाई मेथी घेऊन बसलेली. हा चर्चमधल्या मुलांच्या शब्बाथशाळेचा शिक्षक, चारचौघांत तिला चोर म्हणून मोकळा झाला. मोबाइल निघाला घरी, तिच्याकडूनच घेतलेल्या मेथीच्या पिशवीत. शुक्रवारी शारोनला शाळेत सोडताना त्यानं स्कूटर बाजाराकडे वळवली आणि त्याच चारचौघांत म्हातारीपुढे हात जोडले.

“असू द्या भाऊ. सापडला ना? मंग झालं,” सिंधुबाई म्हणाली होती.

शारोन दप्तर धरून मागे उभी होती. तिला काही शिकवावं असं तेव्हा सुमंतच्या मनातही नव्हतं. शिकवायचं ते तो शनिवारी शिकवायचा. बायबलमधलं वचन पाठ करून घ्यायचा, आणि रविवारी ती नेमकी तिसऱ्या शब्दावर अडकायची. शुक्रवारी त्याला फक्त तिथून लवकर निघायचं होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ आता पाळकसाहेबांच्या हातात होती.

त्यांनी पाकीट उलटं केलं. तबकात नोट पडली नाही की नाणं पडलं नाही. पडली कोथिंबिरीची एक सुकलेली काडी. मागच्या बाकांवर खसखस पिकली. पाळकसाहेबांनी चष्मा सावरून चिठ्ठी वाचली.

“‘प्रभू येशू, पप्पा सिंधुआजीला चोर म्हणाले होते. मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सॉरी म्हणाले. मोठी माणसं पण सॉरी म्हणतात हे मला माहीत नव्हतं. थँक्यू. आजीनं मला ही काडी दिली, ती तुला. शारोन सुमंत उमाप, तिसरी ब.’”

हसणं थांबलं. पंखे तेवढे फिरत राहिले. सुमंतनं मान जी खाली घातली ती वर करवेना.

“मला का नाही सांगितलंस?” पलीकडे बसलेल्या त्याच्या बायकोनं, आशानं, कानाशी विचारलं.

“लाज वाटली.”

तिनं त्याचा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

सुमंतनं डोळे पुसले आणि तबकातल्या त्या काडीकडे पाहिलं. इतकी वर्षं तो दर रविवारी देवाचे आभार मानत आला होता, पण असे आतून कधी मानले नव्हते. या पोरीसाठी त्यानं आभार मानले. त्या म्हातारीसाठी मानले. मोबाइल सापडल्याबद्दल तर मानलेच, पण हरवल्याबद्दलही मानले.

“आमेन!” तो म्हणाला. पाळकसाहेबांच्याही आधी, आणि साऱ्या चर्चला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

“पप्पा, हळू,” शारोननं त्याची बाही ओढली. “अजून पाकिटं राहिलीत.”