फ्रिज तेवढा चालू

बूट न काढताच देवयानीनं आधी काचेला हात लावला. काच गार होती.

टीव्ही असायला हवा त्या जागी ठकीची काचेची पेटी होती, आडव्या कपाटाएवढी. एरवी कोपऱ्यावरच्या दुकानातून आलं तरी पेटीतला पिवळा उजेड आधी दिसायचा. आज नाताळची सुट्टी एडिनबराला मैत्रिणीकडे, अर्चनाकडे काढून दोघं परतली, तर घरात मिट्ट काळोख. ब्रिस्टलची थंडी घरमालकिणीसारखी आत ठाण मांडून बसली होती.

"बाबा, निघताना बटणं कोणी बंद केली?"

"मी." रघुवीररावांनी मफलर सोडला. "तू टॅक्सीत बॅगा ठेवत होतीस ना, तेव्हा. हीटिंग, बॉयलर, भिंतीवरची सगळी बटणं. फ्रिज तेवढा चालू ठेवलाय. दूध होतं."

आवाजात शाबासकीची अपेक्षा होती. गावाला निघताना गॅस, नळ आणि बटणं तपासल्याशिवाय या माणसानं जन्मात कधी दाराला कुलूप लावलं नव्हतं. चिपळूणच्या घरासमोर रिक्षा ताटकळायची, आई करवादायची, पण बाबा घराला शांतपणे झोपवूनच बाहेर पडायचे. ते इथंही तसेच निघाले, एवढंच.

देवयानीनं पेटीचं बटण दाबलं. दिवा लागला. काच सरकवून तिनं दगडाखालच्या मातीत हात घातला आणि ठकीला बाहेर काढलं. चांगली हातभर लांब घोरपड, पण तिनं ना नखं रुतवली, ना जीभ बाहेर काढली.

"कोमट पाणी हवंय, बाबा. लवकर."

न्हाणीघरात नळाला गरम पाणी येईना. बॉयलर बंद. रघुवीररावांच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. ते स्वयंपाकघरात धावले आणि किटली घेऊन आले. बादलीतल्या गार पाण्यात त्यांनी उकळतं पाणी ओतलं आणि बाळंतिणीच्या खोलीत करतात तसं कोपर बुडवून पाहिलं. आणखी थोडं गार घातलं. या जनावराला आजवर त्यांनी बोटही लावलेलं नव्हतं.

देवयानीनं ठकीची हनुवटी तळहातावर धरून तिला पाण्यात सोडलं. बाबा तांब्यानं तिच्या पाठीवर हळूहळू पाणी घालू लागले.

ठकी अतुलची. लग्नानंतर त्यानं हौसेनं आणलेली, तेव्हा वीतभर होती. "हिच्या पेटीत एका टोकाला माझ्या नागपूरचा मे महिना लागतो," तो आल्यागेल्याला सांगायचा, "आणि दुसऱ्या टोकाला देवयानीच्या चिपळूणचा श्रावण. नुसतं ऊन असलं तर सुकते, नुसती ओल असली तर आजारी पडते. दोन्ही सांभाळायचं म्हणजे संसारच की!" मार्चमध्ये तो गेला. तेव्हापासून देवयानी रोज ऑफिसला निघण्याआधी दगड तापलाय का पाही, मातीवर पाणी शिंपडी, ठकीच्या डुंबायच्या घमेल्यात ताजं पाणी भरी. स्वतःच्या जेवणाची आबाळ झाली, ठकीच्या पाण्याची नाही. अतुलच्या हातचं, त्याच्या अंगाखांद्यावर खेळलेलं, घरात तेवढंच एक जिवंत उरलं होतं.

"हलली का गं?" बाबांनी विचारलं.

"नाही."

किटली पुन्हा लागली. पाणी निवलं, बदललं, पुन्हा निवलं. ठकीचे डोळे मिटलेलेच राहिले. मग तिच्या जबड्याखाली धरलेला देवयानीचा हातच हळूहळू खाली आला.

आता ती ओरडणार होती. तोंडाशी आलं होतं सगळं. पण तिला बाबांचे हात दिसले. ते अजून तांब्यानं पाणी घालतच होते.

"पुरे, बाबा. म्हातारीच झाली होती ती."

बाबांनी तांब्या खाली ठेवला. "म्हातारी कसली," ते म्हणाले. "तुझ्या लग्नाला अजून पाच वर्षं नाही झाली." आणि तिथंच टबाच्या काठावर टेकले.

देवयानीनं ठकीला अतुलच्या जुन्या टॉवेलात गुंडाळलं. उजाडल्यावर मागच्या बागेत पुरायचं ठरलं. मग दोघांनी दूध तापवून चहा केला. तो कुणालाच गेला नाही.

झोपायला जाण्याआधी तिनं रिकाम्या पेटीकडे पाहिलं. दिवा जळत होता, दगड तापला होता. ती बटणाकडे वाकली.

"राहू दे," मागून बाबा म्हणाले. "दहा दिवस विझू द्यायचा नाही. मी बघतो."

"बाबा, घोरपडीसाठी दिवा?"

रघुवीरराव तिच्याकडे न बघता म्हणाले, "अतुल गेला तेव्हा मी फोनवर विचारलं, त्याच्यासाठी दिवा लावलास का. तू हो म्हणालीस. मग व्हिसा मिळून मी इथं आलो, तर तुझी समई लग्नातल्या कागदात तशीच गुंडाळलेली."

देवयानीचा हात बटणावरच राहिला. तो दिवा लावला असता, तर अतुल गेला हे खरं झालं असतं. एवढी साधी गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती, आणि बाबांनीही इतके महिने ती विचारली नव्हती.

बाबांनी चष्मा सारखा केला. पेटीत हात घालून दिव्याची वाकडी मान जपून सैल केली.

"दक्षिण कुठली गं इथं?"

देवयानीनं बटणावरचा हात काढला आणि खिडकीकडे बोट दाखवलं.