सेलामावशींचा प्रश्न

माझी लेक रेवा टोंगाच्या एका बेटावर स्वयंसेवक म्हणून शाळेत शिकवते आणि तिथल्याच एका कुटुंबात राहते. रविवारी संध्याकाळी मी इथे अमेरिकेत, बॉथेल गावातल्या घरी जेवायला बसले की तिचा व्हिडिओ कॉल येतो.

"आई, इथे प्रायव्हसी म्हणून काही नाहीच यार! मी जेवायला बसले की कोणीतरी शेजारी येऊन बसतंच. एकटीला सोडलं तर मला वाईट वाटेल म्हणे."

तेवढ्यात तिच्या घरच्या सेलामावशी स्क्रीनमध्ये डोकावल्या. माझं ताट आणि टेबलाभोवतीच्या पाच रिकाम्या खुर्च्या त्यांनी नीट पाहिल्या. मग गंभीरपणे काहीतरी विचारलं. रेवाला हसू आलं.

"काय म्हणतायत?"

"विचारतायत, तुझं कोणाशी भांडण झालंय का? त्यांच्या मते माणूस एकटा जेवतो तो भांडण झालं तरच. म्हणतायत, फक्त नाव सांग, मी त्यांची समजूत घालते."

या गावात मला बावीस वर्षं झाली.

भांडण व्हावं इतक्या जवळचं एकही नाव मला सांगता आलं नाही.