माणिकचा निरोप

सरिताबाईंनी मागच्या खोलीचं दार आतून लावलं, कानांवर हेडफोन चढवला आणि मोर्सच्या चावीवर बोट टेकवलं. गव्हाच्या ड्रमावर ठेवलेला छोटा डबा जागा झाला. वर, माडीवरच्या खोलीत, गुणाकररावांनी ते ऐकलं आणि लगेच उत्तर ठोकलं.

'ये माणिक. वाटच पाहून राह्यलो होतो.'

माणिक मलाजखंडचा. तांब्याच्या खाणीवर इंजिनियर होता आणि गुणाकररावांसारखाच हौशी रेडिओवाला. दोघांची ओळखच हवेत झालेली. दोघंही घरीच सेट जोडायचे; याचा व्हॉल्व्ह उडाला की त्याच्याकडून यायचा, त्याचं कॉइल बिघडलं की हा गुंडाळून पाठवायचा. रोज दुपारच्या चहानंतर इकडून बालाघाट आणि तिकडून मलाजखंड रोमन अक्षरांत वऱ्हाडी बोलायचे. गुणाकरराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, मोबाइल आले, तरी ती वेळ कधी चुकली नाही.

मागच्या वर्षी गुणाकररावांना हार्ट अटॅक आला. नागपूरच्या दवाखान्यात ते पडलेले असताना सरिताबाईंचा फोन वाजला. त्या बोलतबोलतच बाहेरच्या व्हरांड्यात गेल्या. माणिकची बायको होती. माणिक झोपेतच गेला होता.

"त्यांना धक्का बसेल असं काही कानावर घालू नका," डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं. सरिताबाई डोळे पुसून आत आल्या.

"कोनाचा फोन व्हता?"

"श्रद्धाचा," त्यांनी मुलीचं नाव घेतलं. "तुमची तब्येत इचारून राह्यली होती."

"हौ," म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

घरी आल्यावर ते जिना चढून माडीवर गेले आणि माणिकला हाका मारू लागले. दुसऱ्या दिवशीही तेच. सरिताबाई चहाचा कप घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या. वरून तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येत होती. त्यांना ती वाचता येत. लग्न होऊन आल्या तेव्हा नवऱ्यानंच शिकवली होती आणि पुढे मुलगा संकेत शिकला तेव्हा त्याच्याबरोबर पुन्हा घोटून घेतली होती.

संकेत बिरसा गावच्या रस्त्यावर जीप उलटून गेला, त्याला बरीच वर्षं झाली. माडीवरून खाली बोलता यावं म्हणून वडिलांनी त्याला टिनाच्या डब्यात एक बारका ट्रान्समीटर करून दिला होता. त्याचा सूर जरा पाखरासारखा चिवचिवायचा. सरिताबाईंनी तोच काढला.

पहिल्या दिवशी त्यांनी माणिकचं नाव पाठवलं. वर खुर्ची करकरली. मग उत्तर आलं, 'माणिक, आवाज साफ येऊन राह्यला.'

ते जरा सावरले की खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण एका दुपारी गुणाकररावांनी माणिकला सांगितलं, 'आज संकेतचा जनमदिवस. सरितानं खीर केली, पण नाव नाही घेतलं. मीबी नाही घेतलं. तिच्यासमोर तोंड उघडलं तर मी फुटीन.'

पोरगा गेल्यापासून या माणसानं त्याचं नाव काढलं नव्हतं. डोळ्यांतून टिपूस गाळलं नव्हतं. आपल्या नवऱ्याला काळीज आहे की नाही, असं सरिताबाईंच्या मनात कितीदा येऊन गेलं होतं. त्यांनी पदर तोंडात दाबला आणि पाठवलं, 'मग मले सांग.'

गुणाकररावांनी सांगितलं. त्या दिवशी आणि नंतरही. संकेत पहिल्यांदा सायकल शिकला तो दिवस, वैनगंगेच्या घाटावर त्यानं तारेची अँटेना कशी झाडावर फेकली ते, त्याला शेवटची आंघोळ घातली तेव्हा पाणी किती गार होतं ते. सरिताबाई ऐकत आणि माणिक होऊन विचारत. मग ते खाली उतरत आणि पुन्हा तेच. "चहा घेता का?" "हौ." एवढंच बोलणं. तरी आता त्या घरात सरिताबाईंना एकटं वाटत नव्हतं.

आणि आता त्यांच्या छातीत गाठ निघाली होती.

"मम्मी, पापाले खरं सांगितलं का?" सकाळी श्रद्धानं फोनवर विचारलं. "ऑपरेशन मोठं आहे. बता दो उनको."

"त्यायचं काळीज आधीच नाजूक आहे, बाई."

जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन आहे. श्रद्धासंग नागपूरले जाऊन येतो. शेजारची अंजू तुमाले डबा देईल."

गुणाकररावांनी घास खाली ठेवला. "हौ," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

परत येऊ की नाही, कोण जाणे. तोवर हा माणूस रोज वर बसून माणिकला हाका मारत राहणार. त्यापेक्षा माणिकला आजच नीट पाठवून द्यावं, म्हणून सरिताबाई बसल्या होत्या.

'गुणाकर, निरोप घेतो,' त्यांनी पाठवलं. 'पोरीकडं रायपूरले चाललो. तिथं अँटेना लावू देत नाहीत.'

त्यांनी पुन्हा चावी दाबली.

'आयकलं का?'

'हौ. किती दिवस लागतील नागपूरले?'

सरिताबाई चपापल्या. औषधांनी यांचा गोंधळ उडायला लागला की काय? आता आपल्यामागं यांना कोण सांभाळणार?

'नागपूर नाही रे, रायपूर,' त्यांनी दुरुस्त केलं. 'वापस येणं नाही आता.'

मग हळूहळू, एकेक अक्षर सुटं करत, वरची चावी चालू लागली.

'माणिक गेला ते मले दवाखान्यातच समजलं होतं. संकेतच्या डब्याचा सूर मी वळखतो. नागपूरले मी संग येतो. वर ये, सरिता.'